न्हाणीघरातले पेरू

सोमवार, ४ नोव्हेंबर. दुपारी चार वाजून वीस मिनिटे.

मोठ्या हौदात उतरून जुन्या सुरीने भिंतीचा क्षार खरवडत होतो. हौदात बसले की बाहेरचे काही ऐकू येत नाही, म्हणून मावशी आल्याचे कळलेच नाही. वरून एक पेरू माझ्या पाठीवर आदळला तेव्हा कळले. मावशी म्हणजे नात्याची नव्हे. समोरच्या फळांच्या वखारीची मालकीण. साऱ्या रस्त्याची ती मावशी.

"जिवंत आहेस का रे धाकट्या?"

"क्षार काढतोय."

"विकायच्या जागेला घासतोस कशाला? घेणारा काय आंघोळीला येणार आहे?"

बाबा दर सोमवारी क्षार काढायचे, म्हणून मी काढतो. आमचे सार्वजनिक न्हाणीघर बंद होऊन तीन वर्षे झाली. घरोघरी पाणी तापवायची यंत्रे आली आणि पैसे देऊन आंघोळीला येणारे एकेक करून थांबले. खाली सहा न्हाण्या, मधे हौद, मागे भट्टी. वर आम्ही राहतो. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, दुकाने काढणारे एक गिऱ्हाईक पाहिले आहे. तीस तारखेला सही. बाबांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुम्ही बघा." तेव्हापासून ते वरच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे करून बसतात.

मावशीने पेरू चिरून दाखवला. आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एकीने अंगाचे वेटोळे केले आणि टुणकन उडी मारली. फळमाशी सालीला टोचून अंडी घालते. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, बस. मावशीची मागची सगळी खेप बंदरावरून परत आली. तिथला तपासनीस पेट्यांतली फळे चिरून पाहतो. एक जिवंत अळी सापडली की सगळा माल बाद. आणि आता पलीकडचे व्यापारी औषधाची धुरी दिलेली फळेही घेत नाहीत.

"मग करायचं काय?"

तिने पदराच्या गाठीतून शेतकी कचेरीचे एक पत्रक काढले. पेरू सेहेचाळीस अंशांच्या पाण्यात पस्तीस मिनिटे बुडवून ठेवायचे. आतली अंडी, अळ्या मरतात. फळ तसेच राहते.

"एवढं पाणी एवढा वेळ एकसारखं गरम ठेवणारा हौद या रस्त्यावर कुणाकडे आहे, सांग."

पंधरा पेट्या आधी. जमले तर सगळा हंगाम, पेटीमागे भाडे. दादा ऐकून म्हणाला, "तीस तारखेपर्यंत काय करायचं ते कर. पुढे मला विचारू नकोस."

मला वाटते बाबांना ही जागा गेलेली सोसणार नाही. पण तसे ते म्हणालेले नाहीत. मीच म्हणतो आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर.

भट्टी पेटवली. आधी सगळा धूर आतच आला. मग नळ खोकले, लालसर पाणी ओकले, आणि तासाभराने हौदावर वाफ धरली. ओल्या चुन्याचा, लाकडाच्या राखेचा आणि साबणाचा तो वास. साबण तर तीन वर्षांत इथे आलेला नाही. भिंतींनी धरून ठेवला असणार.

जिन्यावर पावले वाजली. बाबा.

"ओली लाकडं घातलीस."

आठवड्यात पहिले वाक्य! मी इतका खूश झालो की ओली लाकडे काढायचे विसरलो.

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वर्गाची खिडकी याच रस्त्यावर उघडायची. आई गल्ल्यावर बसून तारेने साबणाच्या वड्या पाडायची आणि हाक द्यायची, "चार नंबर मोकळी!" ती वर्गात ऐकू यायची. मुले हसायची. मी खाली मान घालायचो. आई गेली आणि गल्ल्यावर बसायला कुणीतरी हवे म्हणून नववीतून माझी शाळा सुटली. मग मी तीच हाक द्यायचो, पण माझा आवाज रस्ता ओलांडत नसे.

बाबा हौदाचे पाणी एकाच आचेला राखत आणि त्यात गार पाणी घालून ज्याचे त्याचे पाणी तयार करत. पाववाल्याला कडक, कारण पीठ भुवयांत बसलेले असायचे. मास्तरांना जेमतेम कोमटाच्या वर. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला असे की दाराखालून वाफ बाहेर यावी. कुणी काही सांगत नसे. बाबा बाही वर करत, मनगटापर्यंत हात बुडवत, डोळे मिटत. दूर कुणी बोलते आहे ते ऐकावे तसे. मग म्हणत, "झालं."

गल्ल्यामागे आरोग्य खात्याचा जुना दाखला टांगलेला आहे. त्यांचा माणूस एकदा हौद मोजून गेला होता. आज धूळ पुसून वाचला. 'हौदातील पाण्याचे तापमान: ४६ अंश.'

पत्रकात तेच! म्हणजे बाबांना सेहेचाळीस हाताने पाठ आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

औषधवाल्याकडून जुना थर्मामीटर विकत आणला. काच सेहेचाळीस दाखवते. बाबांनी हात घातला.

"कोमट आहे."

"काच बरोबर सेहेचाळीस म्हणते, बाबा."

"काच आंघोळ करते का?"

वहिनी जिन्यात उभी होती, ती हसली. मलाही हसू आले, पण काळजी लागली. मी स्वतः हात घातला, तर चांगलाच चटका बसला. पण माझे हात पहिल्यापासून नाजूक. बाबा म्हणायचे, याला साय लावून ठेवली पाहिजे.

आज आणखी एक गंमत. बाबांची उजव्या पायाची चप्पल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच राहिली होती. ते तसेच मागच्या अंगणात खडीवरून भट्टीपर्यंत गेले. मी चप्पल नेऊन दिली तर पायाकडे बघत म्हणाले, "अरेच्चा." कामात डोके घातले की बाबांना जगाची शुद्ध राहत नाही. कितीतरी दिवसांनी त्यांना असे पाहिले.

सोमवार, ११ नोव्हेंबर.

दोन दिवस विचार केला. थर्मामीटर वीसपासून साठपर्यंतचा आहे, त्यामुळे तो बर्फात घालूनही तपासता येत नाही आणि उकळत्या पाण्यातही नाही. औषधवाल्याला विचारले तर तो चिडला. "काच खोटं बोलत नाही. तुला नको असेल तर परत दे, पण पैसे मागू नकोस."

एका बाजूला जुनी काच. दुसऱ्या बाजूला बाबांचा हात, जो माझ्या जन्माआधीपासून चुकलेला नाही. आज मी बाबांना हौदाशी उभे केले, आच वाढवत गेलो आणि म्हटले, "तुमचं हौदाचं पाणी झालं की सांगा." ते "झालं" म्हणाले तेव्हा काच एकोणपन्नास दाखवत होती. दुपारी परत केले. पुन्हा एकोणपन्नास. म्हणजे काच तीन अंश जास्त दाखवते. कागदाची पट्टी कापून काचेवर चिकटवली आणि तिच्यावर बारीक पेनाने नवे आकडे घातले. नीट जमले आहे. तरी हे लिहिताना दोनदा उठून काच पाहून आलो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

काय दिवस गेला!

सकाळी पंधरा पेट्या आल्या. पेरू तरंगतात, म्हणून जाळीच्या पेट्यांवर दगड ठेवावे लागले. बाबा हौदाच्या कठड्यावर बसून एका हाताने लाकडी वल्हे फिरवत होते, दुसरा हात पाण्यात. अर्धा तास त्यांनी हात बाहेर काढला नाही. मी पट्टीवरचा आकडा वाचायचो, ते मान डोलवायचे. आमचे दोघांचे एकदाही वेगळे पडले नाही.

वाफ रस्त्यावर गेली तसे लोक डोकावले. पाववाला पिठाच्या हातांनी आत आला आणि सहा नंबरच्या दाराला हात लावून उभा राहिला.

"चालू केलंत की काय?"

"पेरवांची आंघोळ चाललीय," बाबा म्हणाले.

"मग आमचं काय? आम्ही पेरवांहून वाईट?"

"तुम्हाला अळ्या पडल्या की या."

पाववाला पोट धरून हसला. मी बाबांकडेच बघत होतो. त्यांच्या कपाळावर घाम होता, केस वाफेने चिकटले होते, आणि मी दप्तर घेऊन दारात उभा असल्यासारखे वाटले. क्षणभर गल्ल्याकडे पाहिले. तिथे अर्थातच कुणी नव्हते.

जेवताना वहिनी म्हणाली, "बाबा, हात केवढा लाल झालाय!" बाबांनी हात मांडीखाली घेतला. "पाण्यात होता ना. सुरकुतलाय."

शनिवार, १६ नोव्हेंबर.

लिहिवत नाही, पण लिहितो.

मावशीने वखारीत बोलावले. पेट्या उघड्या होत्या. साली तपकिरी, कुठे कुठे काळपट. बोट लावले की आत जाते. वास उकडल्याचा. तिने एक पेरू चिरून पुढे धरला.

"अळ्या मेल्या हो. शाब्बास. पेरूही मेला."

"मावशी, मी आकडा बघूनच..."

"मी पेरू आंघोळीला दिले होते, भाच्या. शिजवायला नव्हे."

तिचे मजूर हसले. तीही हसली असती तर बरे वाटले असते.

दादाला सांगितले. तो ओरडेल म्हणून मी दाराजवळच उभा होतो. तो ओरडला नाही. "बाबांना सांगितलंस?" एवढेच म्हणाला आणि बूट काढायला बसला. एकच बूट काढून बराच वेळ तसाच बसला. बाबांना मी सांगितले नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर.

सकाळी वहिनी बाबांना चहा द्यायला गेली आणि तिने मला जोरात हाक मारली. बाबांच्या उजव्या हातावर फोड आले होते, दोन बोटांवर फुटून कातडी लोंबत होती. बाबा त्याच हाताने कप धरून चहा पीत होते.

"दुखत नाही," ते म्हणाले. वहिनीला समजावत होते.

डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना, तळव्याला, मग पायाला टाचणीचे टोक लावले.

"टोचतंय?"

"लावा की आधी," बाबा म्हणाले.

टाचणी लावलेलीच होती. मी समोर उभा होतो.

रक्तात साखर आहे, बऱ्याच वर्षांपासून असणार. हातापायांची जाणीव हळूहळू जाते. ज्याची जाते त्याला कळत नाही, कारण दुखत काहीच नाही. गोळ्या, पथ्य, पाय रोज बघायचे. "गरम पाण्यात हात अजिबात घालायचा नाही," त्या म्हणाल्या. त्यांना माहीत नव्हते त्या कुणाला सांगत आहेत.

परत येताना बाबा माझ्या पुढे चालत होते. न्हाणीघराच्या दारात आल्यावर थांबले.

"शेवटच्या वर्षी मास्तर म्हणाले होते. आज पाणी फार कडक आहे हो. मी म्हटलं, मास्तर, तुमचं वय झालं."

मी दाराची कडी काढली.

"मग ते आलेच नाहीत. दुसरेही एकदोघं कुरकुरले. मला वाटलं, घरी यंत्रं आली, आता नावं ठेवणारच."

"यंत्रं आलीच होती, बाबा."

"हो. यंत्रंही आली होती."

ते जिना चढले. मी थर्मामीटरवरची पट्टी पाण्याने भिजवून काढली. डिंक घट्ट बसला होता, नखाने खरवडावा लागला. काच पहिल्यापासून बरोबर होती. मलाही चटका बसला होता, आणि मी माझ्याच हाताला खोटे ठरवले. बाबा चुकतील हे मनात आणणे मला चोरीसारखे वाटले असते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.

मावशीच्या पाया पडायला गेलो तर ती आधीच म्हणाली, "सोमवारी पंधरा पेट्या देते. या वेळी शिजवलेस तर तुलाच खायला घालीन, सालीसकट." इतक्या लवकर कशी वळली, कळले नाही. तिने दादाचे नाव घेतले आणि मग विषय बदलला.

दादाही हल्ली विचित्र वागतो. संध्याकाळी नवा थर्मामीटर माझ्या उशीवर टाकला. "कचेरीत पडून होता." त्याच्या खोक्यावर दुकानाचा शिक्का आहे. आणि गिऱ्हाईकाकडे कागद न्यायचे तेही त्याच्याने होत नाही. काल छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला, आज म्हणे डोके दुखत होते. इतका नेटका माणूस असा आळशी कसा झाला?

दोन्ही काचा एका पाण्यात धरल्या. सारखेच दाखवतात.

बाबा खाली येत नाहीत. खुर्ची पुन्हा भिंतीकडे. मी वर जाऊन सांगायचे ठरवले होते की बाबा, तुमच्याशिवाय जमणार नाही. दारापर्यंत गेलो आणि पाणी हवे का विचारून परत आलो.

सोमवार, २५ नोव्हेंबर.

पेट्या आठ वाजता सोडल्या. दहा मिनिटांत घाम फुटला. वरच्या काचेत सत्तेचाळीस, तळाशी दोरीने सोडलेल्या काचेत चव्वेचाळीस. मी वल्हे मारत होतो, पण पाणी नुसते गोल फिरत होते, खालचे वर येतच नव्हते. तळातल्या अळ्या जगणार, वरचे पेरू भाजणार. मी एकटा, दोन काचा, एक वल्हे. "वहिनी!" म्हणून ओरडलो. का, कुणास ठाऊक. वहिनीने काय केले असते?

बाबा आले. हाताला पांढरी पट्टी. पायात दोन्ही चपला, त्यावर वहिनीने घरच्या घरी शिवलेले पट्टे.

"दे इकडे. कोपऱ्यातून उचलायचं असतं. भात ढवळल्यासारखं काय करतोस?"

त्यांनी वल्हे घेतले, कोपऱ्यात तिरके घातले आणि खालून उपसले. पाण्याला एकदम पोटातून ढेकर आल्यासारखे झाले. पट्टीचा हात त्यांनी पाठीमागे धरला होता. मधूनच तो आपोआप पुढे यायचा, पाण्यापर्यंत जायचा. मग त्यांच्या लक्षात यायचे आणि ते तो परत मागे न्यायचे. मी तिकडे बघितले नाही असे केले.

आणि मग, वल्हे न थांबवता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारले, "किती झालं?"

जन्मात त्यांनी कुणाला हे विचारलेले नाही.

"वर सेहेचाळीस, बाबा. खाली पंचेचाळीस आणि वर थोडं."

"लाकूड घाल एक. सुकं."

मग दोन्ही काचा सेहेचाळीसवर आल्या तेव्हा पस्तीस मिनिटे धरली. आधीची धरली नाहीत.

शनिवार, ३० नोव्हेंबर.

दुपारी मावशी रस्ता ओलांडून आली. वाहने थांबवून, मधूनच, हात वर करून. "चिरले! एवढे पेरू चिरले त्या मेल्या तपासनिसाने, एक वळवळ नाही! आणि साल बघ म्हणाला, डाग नाही." सोमवारपासून चाळीस पेट्या, मग हंगामभर रोज. तिने मला धपाटा घातला तो अजून दुखतो.

दादाने सहीचे कागद कपाटात ठेवले. "वर्षभर बघू," म्हणाला. "वर्षानं पुन्हा विचारीन." असे सांगून वहिनीकडे बघून हसला. त्यांचे आपसांत काय चालते मला कळत नाही.

आज पेट्या नव्हत्या. हौद धुऊन नव्या पाण्यावर भट्टी चालवून पाहिली होती. संध्याकाळी आच काढल्यावर पाणी तसेच तापलेले होते. पाणी सोडून देणार, तेवढ्यात बाबा टॉवेल खांद्यावर टाकून खाली आले.

"फुकट घालवतोस? मी घेतो आंघोळ."

मी चार नंबर झाडली. बादलीत हौदाचे पाणी घेतले, गार पाण्याचे तांबे हाताशी ठेवले, काच बुडवली आणि विचारले, "तुम्हाला किती लागतं, बाबा?"

ते स्टुलावर बसले होते. विचारात पडले.

"माहीत नाही रे. कुणी विचारलं नव्हतं कधी."

"मग इतकी वर्षं?"

"शेवटी जे उरायचं ते घ्यायचो. नाहीतर तुझी आई काढून ठेवायची. तिला माहीत होतं."

मी अंदाजाने चाळीसवर आणले. त्यांनी पट्टीचा हात वर धरला. मी पहिला तांब्या पाठीवर ओतणार होतो, तर ते म्हणाले, "डोक्यावर घाल. डोक्याला अजून कळतं."

ओतले. पाणी कपाळावरून, नाकावरून, पांढऱ्या मिशांवरून खाली आले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, कुणाचे तरी ऐकत असल्यासारखे. मी थांबलो.

"एक गार तांब्या घाल बादलीत," बाबा म्हणाले.

घातला. काच एकोणचाळीसच्या खाली आली. पुन्हा डोक्यावर ओतले.

"झालं," ते म्हणाले. "हेच."

मी आकडा लिहून ठेवला आहे: साडेअडतीस.

महिन्याचा हिशेब.
खर्च: लाकूड ४२०. जुना थर्मामीटर ६०. पेट्यांवरच्या जाळ्या ९५. डॉक्टरीणबाई व गोळ्या २१०.
देणे: मावशीचे पंधरा पेट्या पेरू, ७५०, हंगामाच्या भाड्यातून कापून घेणार. दादाच्या थर्मामीटरचे किती ते तो सांगत नाही. कोरी जागा ठेवली आहे.
जमा: आंघोळ एक. बाबांनी गल्ल्यावर पैसे ठेवले, जुन्या दराने. घेतले.